गलिव्हर आणि शेतकरी
(पुण्यांतील एका वाचनालयांत झालेलें भाषण)



मी पंडित नाहीं. शिंपीकाम करून पोट भरतों. तरी एका पुस्तकाविषयीं दोन शब्द ऐकून घ्यावे. तें म्हणजे जोनाथन स्विफ्ट यानें लिहिलेला गलिव्हरचा प्रवास. १७२६ सालीं तें लंडनांत छापलें गेलें. ग्रंथकार स्वतः डब्लिनचा बडा पाद्री. पण लेखणी हातीं घेतली म्हणजे राजा, धर्माधिकारी, विद्वान कोणाचीच भीड धरीत नसे.

लहानपणीं मीं त्यांतला वीतभर माणसांचा देशच तेवढा वाचला होता. मुलांच्या पुस्तकांत बहुधा तेवढाच देतात. अंडें कोणत्या टोकाकडून फोडावें यावरून तेथें बंडें होतात आणि अकरा हजार माणसें प्राण देतात! मी पोट धरून हंसलों. पुढें आपल्याकडचे सोंवळ्याओंवळ्याचे तंटे पाहिले, तेव्हां तें हंसूं ओठांवरच विरलें.

मोठेपणीं सबंध पुस्तक मिळालें. त्यांत उडत्या बेटावरचा शिंपी भेटला. तो यंत्रानें अंगाचें माप घेतो, कागदावर गणित करितो, आणि सहा दिवसांनीं कपडे आणतो ते सगळे वेडेवांकडे! बेटाखालच्या मुलखांत विद्वानांनीं नांगर टाकून डुकरांकडून शेत उकरून घेण्याची युक्ति काढिली. खर्च अतोनात, पीक जवळजवळ शून्य. ज्यानें कधीं नांगराला हात लाविला नाहीं त्यानें शेतकऱ्याला शेती शिकवावी, हा प्रकार आपणांस परका आहे काय?

महाकाय माणसांच्या देशाचा राजा तर सांगतो कीं, एका कणसाच्या जागीं दोन पिकविणारा सगळ्या मुत्सद्द्यांहून थोर. हें ऐकून आपली छाती फुगते. पण थांबा! त्याच देशांत गलिव्हर प्रथम सांपडतो तो एका शेतकऱ्याच्या हातीं. हा शेतकरी त्याला बाजारीं नेतो, पैसे घेऊन दाखवितो. राजधानींत तर दिवसाला दहा दहा खेळ! गलिव्हरचा हाडांचा सांपळा होतो. आतां हा मरणार असें पाहून शेतकरी त्याला हजार मोहरांना राणीस विकतो. त्या घरांत माया होती ती नऊ वर्षांच्या पोरीजवळ.

येथें मीं पुस्तक मिटलें. दिवाळी तोंडावर आली होती. माझ्या दुकानांत काजें करणारा शिकाऊ पोरगा मध्यरात्रीपर्यंत डोळे फोडीत बसे, आणि "मलाहि उस्तादानें असेंच राबविलें" असें म्हणून मी मनाची समजूत घालीत होतों. विद्वानांना हंसणारा मी, त्या पोराचा महाकाय धनी!

सज्जनहो, याच पुण्यांत १८६८ सालीं जोतीराव फुल्यांनीं आपल्या घरचा पाण्याचा हौद अस्पृश्य मानलेल्यांस खुला केला. वरच्यांना जाब विचारणाऱ्या त्या पुरुषानें आपल्या दारचा हिशेबहि चुकता केला. वरच्याला हंसणें सोपें आहे. आपल्या हातीं सांपडलेल्या लहानाशीं आपण कसे वागतों, तेथें खरी परीक्षा होते. शेतावरचा गडी, घरची सून, दुकानांतला पोर, यांना विचारा.

माझा पोरगा आतां दिवेलागणीस घरीं जातो. कपडे चार दिवस उशिरां मिळतात, गिऱ्हाईक कुरकुरतें. कुरकुरूं द्या!