वडगांवचा तह आणि आमचे संकल्प
(नववर्षारंभीं केलेलें भाषण)



नव्या वर्षाच्या आरंभीं आपणांपैकीं पुष्कळांनीं कांहीं ना कांहीं संकल्प केला असेल. त्याविषयीं आज बोलावयाचें आहे. दृष्टांतासाठीं दूर जावयास नको; आपल्या वडगांवांतच एका जानेवारी महिन्यांत मोठमोठीं वचनें सहीनिशीं लिहून दिलीं गेलीं होतीं.

१७७८ च्या नोव्हेंबरांत मुंबईकर इंग्रजांची सुमारें चार हजारांची फौज रघुनाथरावांस पुण्याची सत्ता मिळवून देण्यासाठीं निघाली. सोबत १९,००० बैल. बोरघाट चढून आल्यावर ती दिवसाकाठीं मैलभरही सरकेना. ४ जानेवारी १७७९ रोजीं कार्ल्यास कॅप्टन स्टुअर्ट पडला. आपल्या मावळांत त्यास ‘इष्टुर फांकडा’ म्हणतात. ९ तारखेस फौज तळेगांवीं पोहोंचली. पुणें अवघें अठरा मैल राहिलें होतें. परंतु ११ च्या रात्रीं जड तोफा तळ्यांत ढकलून व सामान जाळून ती माघारी फिरली, आणि वडगांवीं मराठ्यांच्या वेढ्यांत सांपडली.

येथें तह झाला. १७७३ पासून घेतलेला मुलूख परत द्यावयाचा, बंगालहून येणारी फौज मागें फिरवावयाची, आणि हमीसाठीं दोन इंग्रज ओलीस ठेवावयाचे. सह्या झाल्या, फौज सुटली. घाट उतरतांच सही करणारांनीं पहिलें काम काय केलें? बंगालच्या फौजेस धाडलेला परतीचा हुकूम तहकूब केला! पुढें मुंबई व कलकत्ता येथील वरिष्ठांनीं तहच नाकारला, आणि युद्ध १७८२ च्या सालबाईच्या तहापर्यंत चाललें.

इंग्रजांस नांवें ठेवण्याकरितां मी हें सांगत नाहीं. तें काम इतिहासकारांचें. मला त्यांत आमचेच संकल्प दिसतात. दुखणें आलें, कर्ज अंगावर आलें, चारचौघांत अब्रू गेली, म्हणजे आम्ही देवाशीं तह करितों. वेढा उठतो, आम्ही घाट उतरतों, आणि पहिला हुकूम सुटतो तो शब्द मागें घेण्याचा. सही करितांना मनांत कपटच होतें असें नव्हे. भयानें सही करविली होती. भय गेल्यावर तिला धरून ठेवणारें कांहीं उरलें नाहीं.

पण त्या दोन ओलिसांचा विचार करा. सही कोणाची, आणि मागें राहिलें कोण! दारू सोडण्याची शपथ नवरा घेतो. त्या शपथेवर विसंबून बायको वाण्याकडे उधारी करिते, पोराच्या फीविषयीं मास्तरांस शब्द देते. आठ दिवसांनीं तो पुन्हां गुत्त्यांत दिसतो. जाब मात्र तिला द्यावा लागतो. वाण्यास, मास्तरांस, आणि रात्रीं बापाची वाट पाहत जागणाऱ्या पोरांस. दर जानेवारींत नवी शपथ ऐकून जी बाई आतां कांहींच बोलत नाहीं, तिचें मौन मला फार जड वाटतें.

संत इग्नेशियस लोयोला यांस मनुष्याचा हा स्वभाव ठाऊक होता. साधक भक्तीच्या भरांत असतां उतावीळपणें वचन किंवा नवस करूं लागला, तर मार्गदर्शकानें त्यास सावध करावें, अशी त्यांची सूचना आहे. उलट मन उदास व कोरडें झालें असतां पूर्वींचा निश्चय बदलूं नये, असेंही ते सांगतात. रोजच्यासाठीं त्यांनीं दिलेला उपाय तर इतका साधा, कीं शिकल्यासवरलेल्यांस त्याची थोडी लाजच वाटावी. एकच दोष निवडावा. सकाळीं उठतांच तो टाळण्याचा निश्चय करावा. दुपारीं व रात्रीं हिशेब घ्यावा. जितक्यांदा चुकलों तितके ठिपके रेघेवर द्यावे. आजची रेघ कालच्या रेघेशीं, हा आठवडा गेल्या आठवड्याशीं ताडून पाहावा. शपथ नाहीं, साक्षीदार नाहीं. वाण्याच्या खातेवहीसारखी एक वही. वर्षाची गोष्टच नको, दुपारपर्यंतचें पाहावें.

ज्यांच्या घरीं असा कोणी ओलीस बसून आहे, त्यांनीं यंदा घरांत नवी शपथ उच्चारूं नये, एवढी माझी विनंती आहे. उद्यां सकाळच्या मिस्सेला येतांना एक कोरी वही आणावी. आठवड्याच्या सात रेघा कशा ओढावयाच्या, तें मी दाखवीन.