स्वागताध्यक्षांचे भाषण : धुळे



पांझरा नदीच्या काठी आपले मनापासून स्वागत. ऊन धुळ्याचे आहे, त्याला स्वागत समितीकडे इलाज नाही.

इतिहासाची परिषद भरायची ती धुळ्यातच भरावी, असे मला वाटते. मी इथला आहे, त्यामुळे वाटणारच! पण 31 डिसेंबर 1926 ला इतिहासाचार्य वि. का. राजवाड्यांनी याच गावात देह ठेवला आणि लगेच पुढच्या महिन्यात धुळेकरांनी त्यांच्या नावाने संशोधन मंडळ उभे केले. 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चे बावीस खंड काढणाऱ्या त्या माणसाने गावोगाव पायपीट करून, लोकांच्या माळ्यावरची, वाळवी लागलेली दप्तरे सोडवली. त्यांचे नाव तरी सगळ्यांना ठाऊक आहे. आमच्या नानासाहेब देवांचे काय? शंकर श्रीकृष्ण देव. 1893 साली सत्कार्योत्तेजक सभा काढली आणि पुढे समर्थ संप्रदायाची हस्तलिखिते मठामठांतून जमवण्यात आयुष्य घातले. ती आज इथल्या समर्थ वाग्देवता मंदिरात आहेत. धुळ्याच्या दहा मुलांना विचारा, नऊ जण नकारार्थी मान हलवतील. दहावा देवांच्या घराजवळ राहत असेल. या विषयावर मी तासभर बोलू शकतो. कार्यवाहांनी घड्याळ दाखवले आहे.

परिषदेचा विषय प्राथमिक शाळेतला इतिहास. त्यातले आपण शिक्षक जाणकार, मी व्यापारी माणूस. एवढेच सांगतो : चौथीच्या पोराला शिवाजी महाराज शिकवायचे तर आधी त्याला 'का?' विचारायची सवय लागते. आमच्या धुळ्यात बऱ्याच गल्ल्यांना नावे नाहीत, नंबर आहेत. माझ्या नातवाने विचारले, असे का? 1819 मध्ये कॅप्टन ब्रिग्जने धुळे खानदेशाचे मुख्य ठिकाण केले आणि गाव आखून वसवले, हे मला तेव्हा शोधावे लागले. पालकांनी एवढे करावे. घरातला जुना सातबारा, लग्नपत्रिका, आजोबांची फडावरची पाण्याची पाळी, हे पोरासमोर काढावे. पांझरेवरची सिंचनाची फड पद्धत शेकडो वर्षांची. पाणी कोणी, कधी, किती घ्यायचे हे गावाने ठरवायचे. आजोबांना ते तोंडपाठ असते, आणि पुस्तकातल्या उत्तराला गुण मिळतात म्हणून त्यांना कोणी विचारत नाही.

आता क्षमायाचना. मंडप लहान पडला. निवासात तिघांच्या खोलीत पाच जण गेले आहेत, पंखे कमी आहेत, आणि सकाळी पाणी तासभर उशिरा आले. ध्वनिक्षेपकाचा त्रास आपण सोसतच आहात. किराणा व्यापारी मंडळींनी शिधा दिला, मंगल कार्यालयाच्या मालकांनी भाडे घेतले नाही, शाळेतल्या ताईंनी रात्री दोनपर्यंत भरीत केले. एका दात्याने नाव घ्यायचे नाही असे बजावले आहे, त्यांनी हे ऐकून उठून जाऊ नये.

जेवण दोन पंगतींत होईल. पहिल्या पंगतीत बाहेरगावचे पाहुणे. धुळेकरांनी कूपन खिशात ठेवून वाट पाहावी. भाकरी कळण्याची आहे, भरपूर आहे. तिखट झेपत नसेल तर वाढप्यांना आधीच सांगा.