शेजारी बसणारा माणूस

(विहाराच्या वर्धापनदिनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



समितीने आम्हाला शिक्षणावर बोलायला सांगितलं. शिक्षणावर या विहारात पुष्कळ बोलून झालं आहे. म्हणून आज आम्ही जरा लांबच्या मुलांबद्दल बोलतो, तिबेटमधून आलेल्या. तशी ती फार लांबची नाहीत. दर हिवाळ्यात रस्त्याच्या कडेला स्वेटरची दुकाने लागतात. आपण घासाघीस करून स्वेटर घेतो आणि त्या बाईला 'नेपाळी' म्हणून मोकळे होतो. ती पुष्कळदा तिबेटी असते. आपल्याच महाराष्ट्रात, गोंदिया जिल्ह्यातल्या गोठणगावला १९७२ पासून तिबेटी निर्वासितांची वसाहत आहे. तेव्हा तो भाग भंडारा जिल्ह्यात होता. किती जणांना माहीत आहे? हात वर करा म्हणत नाही, राहू द्या.

मार्च १९५९ मध्ये दलाई लामा ल्हासा सोडून भारतात आले. त्यांच्यामागून साधारण ८० हजार माणसे आली. पुष्कळांना हिमालयात रस्त्याच्या कामावर लावलं गेलं. आईबाप दगड फोडणार आणि लेकरं तिथंच धुळीत. १७ मे १९६० रोजी अशी ५१ आजारी, अशक्त मुले जम्मूकडच्या छावण्यांतून धर्मशाळेला आणली. त्यांना सांभाळायला दलाई लामांच्या थोरल्या बहीण त्सेरिंग डोल्मा पुढे आल्या. १९६४ साली त्या गेल्या. मग धाकट्या बहीण जेत्सुन पेमा यांनी ते काम २००६ पर्यंत पाहिले. 'तिबेटन चिल्ड्रन्स व्हिलेज' म्हणतात ती संस्था यातूनच उभी राहिली.

लहान मुलाचं एक बरं असतं. त्याला पहिलीत बसवता येतं. पण अठरा वर्षांचा पोरगा आला तर? १९८० नंतर अशी तरुण मुले मोठ्या संख्येने आली. बर्फाचे डोंगर पायी ओलांडून, रात्री चालायचं, दिवसा लपायचं. काहींच्या पायाची बोटे बर्फाने गेली. आईबाप तिकडेच. कोणी याक राखलेले, अक्षरओळख नाही. कोणी चिनी भाषेत शिकलेले, पण इंग्रजी-हिंदीचा गंध नाही. हा पोरगा सात वर्षांच्या मुलांमध्ये बाकावर कसा बसेल? लाजेनंच मरेल. म्हणून धर्मशाळेजवळ १८ ते ३० वयाच्या नव्याने आलेल्यांसाठी वेगळी शाळा निघाली. बीरजवळ सुजा इथल्या शाळेतही तिबेटमधून आलेली मुले मोठ्या संख्येने शिकली.

आम्ही चौघे जण धर्मशाळेला गेलो होतो, तेव्हा मॅक्लोडगंजला संध्याकाळचा वर्ग पाहिला. दिवसभर हॉटेलात भांडी घासणारी, दुकानात राबणारी तरुण मुले जमिनीवर चार-पाचच्या घोळक्यात बसली होती. प्रत्येक घोळक्यात एक स्वयंसेवक, बहुतेक परदेशातून फिरायला आलेले. फळ्यावर एक विषय लिहिलेला आणि तासभर नुसतं इंग्रजीत बोलायचं. फी नाही, परीक्षा नाही. आमच्या बाबासाहेबांनी १९४६ साली सिद्धार्थ कॉलेज काढलं तेव्हा वर्ग सकाळी भरवले, कशासाठी? तर नोकरी करणाऱ्या पोराला शिकता यावं म्हणून. शिकणाऱ्याची वेळ बघून शाळा भरवायची, ही गोष्ट तिथंही दिसली.

पण एक खटकलं. स्वयंसेवक पंधरा दिवसांनी निघून जातो, दुसरा येतो. तो आला की पहिला प्रश्न हाच, 'तू पळून कसा आलास, सांग.' पोरगा सांगतो. महिन्यात चौथ्यांदा सांगतो. एका मुलाने हिंदीत आम्हाला म्हटलं, 'डोंगर चढलो एकदा, पण रोज चढायला लावतात.' आमच्या मते हा प्रश्न विचारूच नये. त्याला सांगावंसं वाटलं तर सहा महिन्यांनी तो आपणहून सांगेल. तोवर गणित घ्या, स्पेलिंग घ्या.

आम्ही गिरणीत पाळी करणारी माणसं. नवा बदली कामगार खात्यात आला की त्याला कोणी पुस्तक देत नाही. जुना कामगार त्याला शेजारी उभा करतो. तुटलेला धागा जोडून दाखवतो, मग त्याच्या हातून जोडून घेतो. दहादा तुटला तरी ओरडत नाही (काही ओरडतात, त्यांच्याजवळ नवा माणूस टिकत नाही). पण हे कधी जमतं? उद्याही तोच जुना माणूस तिथं उभा असेल तर.

मराठी माणसाला आणखी एक सोय आहे. तिबेटी लिपी सातव्या शतकात भारतातल्या लिपीवरून घडवली गेली. ३० व्यंजने आहेत आणि क्रम बघा: क, ख, ग, ङ, च, छ, ज, ञ, त, थ, द, न, प, फ, ब, म. घ नाही, झ नाही, ट-ठ-ड ची ओळच नाही. म्हणजे ज्याला त्याची अक्षरे येतात त्याला देवनागरी आपण आठवडाभरात दाखवू शकतो, आणि त्याची अक्षरे आपण शिकू शकतो. शिकवणाऱ्याने आधी विद्यार्थी व्हावं. पोराची मान तिथं वर होते.

मग फॉर्म. भारताने १९५१ च्या निर्वासित करारावर सही केलेली नाही. तिबेटी माणसाला परदेशी म्हणून नोंदणीचं प्रमाणपत्र काढावं लागतं आणि ते नव्याने करून घ्यावं लागतं. फॉर्मवर आडनाव विचारतात, यांच्यात बहुतेकांना आडनाव नसतं. जन्मतारीख विचारतात, ती कित्येकांना ठाऊक नसते. आपल्याला हे नवं आहे का? आपल्यातल्या निम्म्या लोकांचा वाढदिवस मास्तरांच्या कृपेने १ जून आहे! असा फॉर्म कसा भरायचा, कुठल्या खिडकीवर काय बोलायचं, हे आपल्याइतकं कोणाला कळणार?

२००८ च्या आधी दर वर्षी साधारण दोन-तीन हजार तिबेटी येत. त्या वर्षानंतर सीमेवरचा पहारा कडक झाला. अलीकडे वर्षाला शंभरसुद्धा येत नाहीत. लोक म्हणतात, मग आता गरज काय? आम्ही उलट म्हणतो. हजारो येत होते तेव्हा एका मुलाला एक माणूस देणं अशक्य होतं, ते आता शक्य आहे. आणि कमी येतात म्हणून जगाचं लक्षही उडालं आहे. आज एकटा येणारा पोरगा पूर्वीच्या हजारांतल्या पोरापेक्षा जास्त एकटा आहे.

आपल्या वस्तीत बी.ए., बी.एस्सी., बी.एड. झालेली मुले-मुली जाहिरातीची वाट बघत घरी बसली आहेत. त्यातल्या दोघांना धर्मशाळेला पाठवावं असं आमचं म्हणणं आहे. पंधरा दिवस नाही, कमीत कमी तीन महिने. आधी तिथल्या शिक्षकांना पत्र लिहून, त्यांना काय हवं ते विचारून. परत आल्यावर आठवड्यातून एक तास फोनवर, वर्षभर, त्याच मुलाशी. मोबाईल आता सगळ्यांच्या खिशात आहे. जाण्या-येण्याचा खर्च आम्ही पाळीवाले आमच्यात वाटून घेऊ, त्याची काळजी करू नका.

बाहेर चपलांजवळच्या टेबलावर वही ठेवली आहे. नाव लिहा, कोणता विषय येतो ते लिहा. शेवटच्या रकान्यात किती महिने जमेल ते लिहायचं आहे. तो रकाना रिकामा सोडू नका. जयभीम.