हात गमावलेला विद्यार्थी शाळेत परत येतो तेव्हा

(प्राथमिक शिक्षकांच्या सभेतील भाषण)



कडबाकुट्टी आणि मळणीयंत्र यांनी शेतकऱ्याचे श्रम पुष्कळ वाचविले आहेत. परंतु क्षणाच्या अनवधानाने त्यांत सापडून हात गमावलेले एखादे मूल आपल्याही पटावर असू शकते. शरीराच्या जखमेची काळजी डॉक्टर घेतात. मनाच्या जखमेचा भार मात्र बराचसा घरावर आणि शाळेवर येऊन पडतो. त्याविषयी आज चार शब्द बोलावयाचे आहेत.

प्रथम हे ध्यानी घ्यावे की, अवयव जाणे हा एक वियोगच होय. आप्ताच्या मृत्यूनंतर मनुष्य कधी अबोल होतो, कधी अकारण संतापतो, कधी घडले ते खरेच मानीत नाही. तसेच येथेही घडते. म्हणून ‘रडू नकोस, शूर हो’ असा उपदेश घाईने करू नये. जवळ बसावे, ऐकून घ्यावे. दुःखास वाट मिळाली म्हणजे ते हळूहळू ओसरते.

दुसरी गोष्ट अशी की, गेलेला हात खाजतो, त्याची बोटे आखडून दुखतात, असे मूल सांगेल. ते खोटे बोलत नसते, त्यास वेडही लागलेले नसते. बाहेरची बाधा तर मुळीच नव्हे. हात गेला तरी मेंदूतील त्याची जागा पुसली जात नाही, हे त्याचे मुख्य कारण. अमेरिकेतील यादवी युद्धात (१८६१–६५) जायबंदी झालेल्या सैनिकांच्या अशा वेदनांचे वर्णन डॉ. सायलस वेअर मिचेल यांनी पूर्वीच करून ठेवले आहे. एवढे समजावून सांगितले तरी मुलाचे व आईबापांचे पुष्कळसे भय जाते. वेदना असह्य झाल्यास त्यांवर उपचार आहेत. मांत्रिकाकडे न जाता रुग्णालयात जावे.

थोरांची उदाहरणे सांगण्याचा मोह आपणां शिक्षकांस फार असतो. नर्तकी सुधा चंद्रन यांचा पाय १९८१ साली बसच्या अपघातानंतर कापावा लागला. जयपूर पाय लावून १९८४ साली त्या पुन्हा रंगमंचावर नाचल्या. ही कथा अवश्य सांगावी. परंतु मधली वर्षे गाळून सांगू नये. पहिल्याच आठवड्यात ती ऐकविली, तर मुलास वाटते, ‘आपण दुबळे आहोत.’ त्या वर्षांतील वेदना आणि सराव यांसह ती योग्य वेळी सांगितली, तरच तिच्यातून धीर मिळतो.

आता वर्गाविषयी. मूल येण्याच्या आदल्या दिवशी इतर विद्यार्थ्यांस सर्व काही साध्या शब्दांत सांगावे. ‘थोटा’ हा शब्द शाळेत कोणी उच्चारू नये, आणि ‘बिचारा’ हाही नको. कारण चिडविण्याने माणूस दुखावतो, तसा तो सततच्या दयेनेही खचतो. उजवा हात गेला असेल, तर डाव्या हाताने अक्षर गिरविण्यास पुरेसा अवधी द्यावा. पाटी सरकू नये म्हणून तिच्याखाली ओले फडके घालावे. अक्षर वेडेवाकडे आले तरी दुसऱ्याने लिहून देण्याची घाई नको. हजेरी मांडणे, घंटा देणे, खेळात गुण मोजणे, अशी खरी कामे त्याजकडे सोपवावीत. ‘माझ्यावाचून काही अडते’ ही जाणीव मनास पुन्हा उभे करते.

मात्र मूल आठवडेच्या आठवडे जेवत-झोपत नसेल, किंवा ‘जगून काय करू’ असे म्हणत असेल, तर थांबू नये. पालकांस बरोबर घेऊन जिल्हा रुग्णालयातील मानसोपचारतज्ज्ञांस त्वरित भेटावे.

बंधुभगिनींनो, गेलेला हात आपण परत देऊ शकत नाही. परंतु त्या मुलाची वर्गातील जागा, त्याचे काम आणि त्याचा मान तसाच राखणे सर्वस्वी आपल्या हाती आहे. तेवढे आपण करावे, ही विनंती करून मी आपली रजा घेतो.