मुलांसह सिंगापूर

दिवाळीच्या सुट्टीत लेकरांना घेऊन सिंगापूरला जायचा बेत असेल, तर आधी कपाटातले पासपोर्ट काढून बघा. तान्ह्या बाळालाही स्वतंत्र पासपोर्ट लागतो. मुलांचा पासपोर्ट मोठ्यांसारखा 10 वर्षं चालत नाही, फार तर 5 वर्षं. शिवाय तिथे उतरताना त्याची 6 महिने मुदत शिल्लक हवी. व्हिसाही आधीच काढायचा.

मुंबईहून विमानाला साधारण साडेपाच तास लागतात. विमान खाली येऊ लागलं की मुलांचे कान दुखतात. त्या वेळी बाळाला पाजावं, जाणत्या मुलाला चघळायला गोळी द्यावी. च्युइंगगम मात्र घरीच ठेवा, ते सिंगापुरात न्यायला बंदी आहे!

तिथलं घड्याळ आपल्या अडीच तास पुढे. म्हणजे मुलं उशिराच उठणार; सकाळी आठच्या सहलीचे पैसे भरूच नका. दिवसाला एकच ठिकाण पुरे. प्राणिसंग्रहालय ठरलं, तर तेवढंच. खाण्याची चिंता नको, लिटल इंडियात इडली-डोसा सहज मिळतो. नळाचं पाणीही पिण्याजोगं असतं. आणि मेट्रोत, मोठ्यांसोबत असलेल्या 90 सेंटीमीटरपेक्षा कमी उंचीच्या मुलांना तिकीट लागत नाही.