सालीत राहिलेली कमाई



 करमाड पंचक्रोशीतल्या बागायतदारांच्या परिषदेत पाणी, भाव आणि पीकविमा यांवर बोललं जातं, आणि ते बोललंच पाहिजे. मी मात्र आज फळाच्या सालीबद्दल आणि बागेत गळून पडणाऱ्या कोवळ्या फळांबद्दल बोलणार आहे. आपल्या घामाची बरीचशी कमाई तिथे मातीत जाते.

डाळिंब सोलताना बोटं काळपट पडतात, शर्टावरचा डाग कितीही धुतला तरी निघत नाही. हे काम टॅनिनचं. या सालीत प्युनिकॅलॅजिन नावाचं द्रव्य असतं आणि त्यापासून एलाजिक आम्ल मिळतं. दाण्याच्या मानाने सालीत ही द्रव्यं कितीतरी जास्त. आयुर्वेदात अतिसारावर डाळिंबाची साल सांगितली आहे. रंगारी तुरटी घालून तिच्यातून पिवळा आणि लोहाचा क्षार घालून करडा-काळा रंग काढतात. भगवा जातीच्या डाळिंबाचा भाव आपण दाण्याच्या रंगावर ठरवतो. सालीला भाव असतो हे मात्र आपल्या हिशेबातच नाही.

मोसंबीचं तर मराठवाड्याशी नातंच आहे. जालन्याच्या मोसंबीला भौगोलिक मानांकन आहे, संशोधन केंद्र इथून जवळ बदनापूरला आहे. मोसंबीची साल दिव्याच्या ज्योतीजवळ दाबून पाहा, तडतड ठिणग्या उडतात. वरच्या थरातल्या बारीक पुटकुळ्यांत तेल असतं, त्यात मुख्यतः लिमोनीन. खालच्या पांढऱ्या थरात जॅम-जेली घट्ट करणारं पेक्टिन आणि हेस्पेरिडिन. मूळव्याधीवर आणि पायांच्या फुगलेल्या शिरांवर डॉक्टर ज्या गोळ्या देतात, त्यांतल्या एका प्रचलित गोळीत ४५० मिलिग्रॅम डायोस्मिन आणि ५० मिलिग्रॅम हेस्पेरिडिन असतं. हे डायोस्मिनही कारखान्यात बहुधा हेस्पेरिडिनपासूनच बनवतात.

आता नीट ऐका. हेस्पेरिडिनचं प्रमाण पिकलेल्या फळापेक्षा अगदी कोवळ्या फळात जास्त असतं. आंबे बहारात उन्हाचा तडाखा बसला की गोटीएवढ्या फळांचा झाडाखाली सडा पडतो. फळगळ बघून आपला जीव खालीवर होतो आणि आपण ती फळं झाडून बांधावर लोटतो. औषधी उद्योगाला हवा असलेला कच्चा माल तोच. पुढे पावसाळ्यात बुरशीने किंवा फळमाशीने गळालेली फळं मात्र यात चालायची नाहीत. ती खड्ड्यात पुरायचीच.

हे ऐकून उद्या कोणी अर्क काढण्याचं यंत्र घ्यायला धावू नये, अशी माझी कळकळीची विनंती आहे. ओली साल दोन-तीन दिवसांत आंबते, दमट हवेत बुरशी धरते. पहिलं काम वाळवणीचं. शिवाय आपण फळ अख्खं विकतो. साल साठते ती शहरातल्या ज्यूस सेंटरवर आणि प्रक्रिया कारखान्यांत. ती रोजच्या रोज गोळा करणं एकट्यादुकट्याचं काम नाही, ते गटानेच करावं लागेल. फ्लोरिडात आणि ब्राझीलमध्ये रस काढून उरलेला चोथा चुना मिसळून, पिळून, वाळवून जनावरांना घालतात. तिथे रसाच्या कारखान्यालाच जोडून ही सोय असते. आपल्या शेजारी शेंद्र्याची औद्योगिक वसाहत आहे, तिथे फळप्रक्रियेसोबत सालप्रक्रियेचाही विचार झाला पाहिजे, ही मागणी या परिषदेने ठरावात घालावी.

सगळ्यात अवघड गोष्ट आपल्या हातातली आहे. फवारलेलं औषध आधी सालीवर बसतं. डाळिंबावरच्या तेल्या रोगाच्या धास्तीने आपण फवारण्या वाढवतो, आणि त्याच सालीचा अर्क काढला तर द्रव्यांबरोबर औषधाचे अंशही अर्कात उतरू शकतात. असा माल कोणतीही औषध कंपनी परत पाठवील, आणि तिचं चुकणार नाही. आणखी एक सांगतो. सालीच्या भुकटीने मधुमेह जातो, कर्करोग बरा होतो, असं छापून पाकिटं विकणाऱ्यांच्या नादी लागू नका. प्रयोगशाळेतल्या काचपात्रात दिसलेला गुण माणसाच्या शरीरात सिद्ध व्हायला लांबचा पल्ला असतो.

तेव्हा येत्या आंबे बहारापासून प्रत्येक गटाने फवारणीची वही तारीखवार ठेवावी, गळालेली कोवळी फळं निवडून स्वच्छ वाळवावीत आणि विकायची घाई न करता आधी त्यांचा नमुना प्रयोगशाळेत तपासून घ्यावा.