जशी आली तशी नोंद



प्रयोगशाळेची खोली संगणक-कक्षाला द्यावी आणि वायूंचे प्रयोग पडद्यावर दाखवावेत, अशी सूचना पालकसभेत दोनदा आली. ती चांगल्या हेतूने आली आहे, म्हणून तिला सविस्तर उत्तर देणे माझे कर्तव्य आहे. मी भाषेची शिक्षिका. परंतु नववीच्या वर्गात मागच्या बाकावर बसून हे प्रयोग मी अनेकदा पाहिले आहेत.

तापमान तेच ठेवून वायूवरील दाब दुप्पट केला की आकारमान निम्मे होते. रॉबर्ट बॉइलने हा नियम १६६२ मध्ये प्रसिद्ध केला. इंग्रजी ‘जे’ अक्षरासारखी वाकवलेली काचेची नळी घेऊन, आखूड बाजूचे तोंड बंद करून, उंच बाजूने तो पारा ओतत गेला. कोंडलेली हवा निम्मी व्हायला सुमारे २९ इंच जादा पारा लागला, म्हणजे वातावरणाच्या दाबाइतकाच. नळी इतकी उंच की खोलीत सोयीची होईना. प्रयोग जिन्यावर करावा लागला. आधीची नळी फुटली होती, म्हणून पारा वाया जाऊ नये यासाठी खाली लाकडी पेटी ठेवली. मला सर्वांत मोलाचा वाटतो तो त्याचा तक्ता. प्रत्यक्ष आढळलेला दाब एका रकान्यात, नियमाप्रमाणे यायला हवा तो शेजारच्या रकान्यात. दोन्ही आकडे तंतोतंत जुळत नाहीत, आणि त्याने ते तसेच छापले.

आमच्याकडे हा प्रयोग पाऱ्याने होत नाही, होऊही नये. पाऱ्याची वाफ विषारी. टोक बंद केलेली २० मिलिलिटरची सिरिंज उभी धरायची आणि दट्ट्यावर वजने ठेवायची. दट्ट्याचे क्षेत्रफळ सुमारे ३ चौरस सेंटिमीटर. म्हणजे वर काहीही नसताना वातावरणाचा जवळजवळ ३ किलोचा भार त्यावर असतोच. १ किलो ठेवले की ३ चे ४ होतात आणि २० मिलिलिटर हवा १५ व्हायला हवी. मुलांना मिळते साडेपंधरा, कधी सोळा. रबरी दट्ट्या भिंतीला घासतो आणि पुरता खाली येत नाही. मग एखादी हुशार मुलगी खोडरबर काढते आणि वहीत १५ लिहिते. पडद्यावर तर दर वेळी १५ च येतात.

म्हणून आम्ही नियम केला: आलेली नोंद लिहून तफावतीचे कारण दिल्यास पूर्ण गुण, बदललेल्या नोंदीला शून्य. काही पालकांना हे कठोर वाटले. बोर्डाच्या परीक्षेत असे चालेल का, असे एकांनी विचारले. परीक्षक माझ्या हातात नाहीत. मात्र १६ का आले हे सांगू शकणाऱ्या मुलाला १५ का यायला हवेत हेही ठाऊक असते. १५ लिहून मोकळ्या झालेल्याला दोन्ही ठाऊक असतेच असे नाही.

गरम पाण्यात ठेवलेल्या बाटलीच्या तोंडावर फुगणारा फुगा सर्वांना आठवत असेलच. विसरणाच्या प्रयोगाविषयी मात्र थोडे बोलते. लांब काचेच्या नळीच्या एका टोकाला अमोनियाच्या द्रावणात, दुसऱ्या टोकाला हायड्रोक्लोरिक आम्लात भिजवलेला कापूस. काही वेळाने आत पांढरे कडे उमटते, पण मधोमध नव्हे, आम्लाच्या बाजूला; अमोनियाचा रेणू हलका, १७ विरुद्ध साडेछत्तीस, म्हणून तो अधिक वेगाने पसरतो. ते पांढरे म्हणजे अमोनियम क्लोराइड, कल्हईवाला तापल्या पातेल्यात टाकतो तोच नवसागर. एका मुलीने हा शब्द घरी नेला आणि दुसऱ्या दिवशी आजीकडून कल्हईची सारी रीत ऐकून आली. महाराष्ट्राबाहेर मराठीतून शिकणाऱ्या मुलांपर्यंत असे शब्द पोचवायला पडद्यावरचे निवेदन पुरत नाही.

संगणक हवेतच. त्यासाठी ग्रंथालयाशेजारची बंद खोली मोकळी करीत आहोत. प्रयोगशाळेला धूर बाहेर टाकणारा पंखा आणि एक वायुभारमापक हवा आहे. वातावरणाचा दाब आज आम्ही पुस्तकातून घेतो, तो मुलांनी स्वतः मोजावा. माजी विद्यार्थ्यांनी याचा विचार करावा. प्रयोगशाळा आज पाच वाजेपर्यंत उघडी आहे. सिरिंज आणि वजने टेबलावर मांडून ठेवली आहेत.